‘शेतकऱ्यांना’ मधला अर्धा र: कोड, टायपिंग, सफाई आणि छपाई

लासलगावच्या कांदा लिलावाचा संदेश असो, निफाडच्या सोसायटीची नोटीस असो की दिंडोरीच्या द्राक्षबागेतला फवारणीचा फलक, ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द त्यात हमखास येतो. तोच शब्द ‘शेतकर्यांना’ असा, य च्या डोक्यावर रफार बसलेला, छापून आलेलाही आपण पाहतो. बहुतेक वेळा दोष लिहिणाऱ्याच्या शुद्धलेखनाचा नसतो. लिहिताना शब्द बरोबर उमटलेला असतो. पुढे एका फॉर्ममधून दुसऱ्या फाइलीत जाताना त्यातले एक न दिसणारे चिन्ह गळते आणि आडव्या अर्ध्या र चा रफार होतो. हे चिन्ह कोणते, ते का गळते आणि मुळात त्याची गरजच पडू नये म्हणून काय करावे, ते पुढे क्रमाने दिले आहे. छापखाने, डीटीपी करणारे, ग्रामपंचायतीचे संगणकचालक आणि मराठी माहितीची टेबले सांभाळणारे प्रोग्रॅमर, सगळ्यांना हे लागते.

दोन्ही र वेगळे लिहावे लागतात, कारण मराठीत त्यांचा उच्चार वेगळा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. तिथे द वर आघात येतो, अक्षर जड होते. ‘दऱ्या’ म्हणजे सह्याद्रीतल्या दऱ्या. तिथे द हलकाच राहतो आणि र पुढच्या य ला चिकटून जातो. आचार्यांना नमस्कार करतात, आचाऱ्यांना जेवणाची वर्दी देतात. सर्वांत जास्त घोटाळा करणारी जोडी म्हणजे ‘सहकार्याने’ आणि ‘सहकाऱ्याने’. पहिल्याचा अर्थ मदतीने, दुसऱ्याचा अर्थ सोबत काम करणाऱ्याने. निमंत्रणपत्रिकेत यांची अदलाबदल झाली तर वाक्याचा अर्थच फिरतो. हा आडवा र प्रामुख्याने य आणि ह च्या आधी येतो: पायऱ्या, फेऱ्या, वारकऱ्यांची, गुऱ्हाळ, कुऱ्हाड, बिऱ्हाड, तऱ्हा. गावांच्या नावांतही तो विभक्ती लागताच उगवतो. गिरणारे हे गाव साधे दिसते, पण ‘गिरणाऱ्याला जायचे’ म्हटले की तो आलाच, सापुताऱ्याचेही तसेच.

एक आकार, तीन लेखने

युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतात, देवनागरीला १२८ जागांचा एक पट्टा दिला आहे, ०९०० ते ०९७एफ. हे क्रमांक सोळाच्या पायात लिहितात, म्हणजे ९ नंतर ए ते एफ ही सहा अक्षरे आकड्यांचे काम करतात. आपल्या कामाचे क्रमांक मोजके आहेत. साधा र ०९३० वर आहे. त्याला लागून ०९३१ वर ऱ आहे, ज्याच्या खाली टिंब दिसते. पाय मोडण्याचे चिन्ह म्हणजे हलंत ०९४डी, अक्षराखालचे टिंब म्हणजे नुक्ता ०९३सी आणि य ०९२एफ. देवनागरीच्या पट्ट्याबाहेरचा एक क्रमांकही लक्षात ठेवावा लागतो: २००डी, झिरो विड्थ जॉइनर. हे शून्य रुंदीचे चिन्ह आहे, पडद्यावर त्याची जागाही दिसत नाही. पुढे त्याला नुसते जॉइनर म्हणू.

र, हलंत, य अशी सरळ ओळ लिहिली की र्य, म्हणजे रफार मिळतो. आडवा र मिळवण्याच्या वाटा मात्र तीन आहेत.

पहिली वाट: ऱ, हलंत, य. युनिकोडच्या नियमांत आडव्या र साठी हीच मुख्य रीत आहे.

दुसरी वाट: र, हलंत, जॉइनर, य. युनिकोडच्या २.० या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ही रीत अजून मान्य आहे. जुन्या फाँटमधून रूपांतर केलेल्या मजकुरात आणि बऱ्याच टायपिंग साधनांतून हीच बाहेर पडते. नेपाळीतही हीच प्रचलित आहे.

तिसरी वाट: र, नुक्ता, हलंत, य. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवर ऱ ची कळ माहीत नसलेले लोक र नंतर नुक्ता देतात, त्यातून ही येते.

चांगल्या फाँटमध्ये तिन्ही अगदी सारख्या दिसतात. डोळ्याला फरक कळत नाही, पण शोधणाऱ्या प्रोग्रॅमला ते तीन वेगळे शब्द वाटू शकतात. ‘शेतकऱ्यांना’ पहिल्या वाटेने ११ कोडांचा होतो आणि यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत ३३ बाइट घेतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाटेने तो १२ कोडांचा आणि ३६ बाइटचा होतो.

आमचे मत ठाम आहे: मराठी मजकुरात पहिलीच वाट धरावी. कारण व्यवहारातले आहे. ‘फक्त देवनागरी अक्षरे स्वीकारा’ अशी अट घालताना प्रोग्रॅमर ०९०० ते ०९७एफ हा पट्टा तपासतो. जॉइनर त्या पट्ट्याबाहेर आहे, म्हणून फॉर्म एक तर नाव नाकारतो किंवा जॉइनर गुपचूप काढून टाकतो. तो निघाला की र, हलंत, य उरतात, म्हणजेच रफार. ‘शेतकर्यांना’ची जन्मकथा बहुतेक वेळा एवढीच असते. ०९३१ वापरला तर अख्खा शब्द पट्ट्याच्या आतच राहतो आणि गाळणीतून सुखरूप जातो.

आपल्या फाइलीत काय आहे ते आधी ओळखा

सफाईला हात घालण्याआधी निदान करा. विंडोजवरच्या वर्डमध्ये हे काम एका मिनिटाचे आहे.

१. संशयित शब्द कोऱ्या फाइलीत चिकटवा आणि शब्दातला ‘ऱ्या’ नंतरचा भाग काढून टाका. ‘शेतकऱ्या’ एवढेच उरले पाहिजे.

२. कर्सर शेवटी ठेवून बॅकस्पेस दोनदा दाबा. एका दाबात एकच कोड जातो. आधी काना जाईल, मग य जाईल.

३. आता ऑल्ट धरून एक्स दाबा. कर्सरच्या लगेच मागे जो कोड आहे त्याचा क्रमांक तिथेच उमटतो. २००डी आला तर दुसरी वाट, निदान संपले.

४. ०९४डी आला तर तो हलंत आहे. कंट्रोल-झेडने पूर्ववत करा, बॅकस्पेस एकदा दाबून हलंत काढा आणि पुन्हा ऑल्ट-एक्स दाबा. ०९३१ आला तर शब्द उत्तम आहे. ०९३सी आला तर नुक्त्याची तिसरी वाट आहे. ०९३० आला तर तो साधा र आहे, म्हणजे शब्द आधीच बिघडलेला आहे.

लिबरऑफिसमध्येही ऑल्ट-एक्स असेच चालते, फक्त क्रमांकाआधी यू आणि अधिकचे चिन्ह दिसते.

एक्सेलमध्ये काहीजण लांबी मोजणाऱ्या लेन फंक्शनवर भरवसा ठेवतात. तो अर्धाच उपयोगाचा आहे. १२ आले तर जॉइनर किंवा नुक्ता आहे हे खरे, पण ११ आले म्हणून शब्द बरोबर असेल असे नाही. बिघडलेल्या ‘शेतकर्यांना’मध्येही कोड ११च असतात. त्यापेक्षा मिड फंक्शनने पाचवे अक्षर वेगळे काढा आणि त्याला युनिकोड फंक्शन लावा. एक्सेल दशमान आकडा देते: ऱ साठी २३५३, र साठी २३५२. याच हिशेबात हलंत २३८१, नुक्ता २३६४ आणि जॉइनर ८२०५. हे पाच आकडे कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवून ठेवा, पुढे पुन्हा लागतील.

टायपिंग

इनस्क्रिप्टमध्ये र ही जे ची कळ आहे आणि ऱ म्हणजे शिफ्ट धरून जे. हलंत डी वर, य तिरप्या रेघेच्या कळीवर, काना ई वर. म्हणजे ‘ऱ्या’ साठी शिफ्ट-जे, डी, तिरपी रेघ, ई. पूर्ण ‘शेतकऱ्यांना’ असा होतो: शिफ्ट-एम, एस, एल, के, शिफ्ट-जे, डी, तिरपी रेघ, ई, एक्स, व्ही, ई. अकरा कोड, अकरा वेळा कळ.

इथे नवखा माणूस हमखास बिचकतो. शिफ्ट-जे दाबताच पडद्यावर खाली टिंब असलेला ऱ येतो आणि ‘हे काहीतरी चुकले’ असे वाटून तो खोडला जातो. खोडू नका. हलंत आणि य दाबले की टिंब जाते आणि आडवा र तयार होतो. टिंबासह पूर्ण ऱ मराठी शब्दांत लागत नाही. तमिळ, मल्याळमसारख्या भाषांतला कठोर र देवनागरीत दाखवायला तो उपयोगी पडतो. आपल्याला त्याचे अर्धे रूपच हवे असते. चौकोनी कंसाच्या कळीवरचा नुक्ता मात्र या कामाला वापरू नका, तिसरी वाट तिथूनच सुरू होते.

फोनवरच्या बहुतेक मराठी कीबोर्डांत र वर बोट दाबून धरले की वर ऱ दिसतो. तो निवडा, मग हलंत, मग य. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या साधनांत सुचवलेल्या शब्दांतून बरोबर दिसणारा शब्द निवडता येतो, पण तो कोणत्या वाटेने बनला हे साधनावर ठरते. आपले साधन कोणत्या वाटेचे आहे हे वरच्या चाचणीने एकदा तपासा, एकदा पुरे आहे. कीबोर्डवर ऱ सापडतच नसेल तर वर्डमध्ये इंग्रजी आकड्यांत ०९३१ लिहून लगेच ऑल्ट-एक्स दाबा. आकडे देवनागरी असतील तर ही युक्ती चालत नाही. रोजचे काम असेल तर ऑटोकरेक्टमध्ये दहा-बारा शब्द कायमचे घालून ठेवणे सर्वांत सोयीचे.

जुन्या मजकुराची सफाई

नाशिकच्या अनेक छापखान्यांत वीस-पंचवीस वर्षांच्या फाइली जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये पडून आहेत. अशा फाँटांत आडव्या र साठी स्वतंत्र खूण असायची. रोमन अक्षराच्या एखाद्या जागी त्याचे चित्र बसवलेले. रूपांतर करणारा प्रोग्रॅम त्या चित्राच्या जागी काय लिहितो यावर सगळे ठरते. काही जॉइनर देतात, काही सरळ रफार करून टाकतात. म्हणून रूपांतर झाल्याबरोबर सफाई करावी, मजकूर पानावर लागल्यावर नव्हे.

मूळ फाइलीची प्रत वेगळी ठेवा आणि पुढचा क्रम बदलू नका.

आधी जॉइनर. र, हलंत, जॉइनर हे तीन कोड जिथे सलग असतील तिथे ऱ, हलंत हे दोन कोड घाला. एक्सेलमध्ये सब्स्टिट्यूट फंक्शनला शोधायचा तुकडा म्हणून युनिचार २३५२, २३८१ आणि ८२०५ जोडून द्या, बदली म्हणून युनिचार २३५३ आणि २३८१. ही बदली निर्धास्त करता येते, कारण मराठीत या तीन कोडांचा दुसरा अर्थ नाही.

सगळ्या फाइलीतले सगळे जॉइनर एकदम पुसण्याचा मोह मात्र टाळा. तीन कोडांच्या जोडीबाहेरही जॉइनर मुद्दाम घातलेला असू शकतो. क आणि ष यांचा ‘क्ष’ होऊ न देता अर्धा क वेगळा दाखवायचा असेल तेव्हा तो लागतो. कुटुंबाच्या इमोजीही त्याच्यावरच जोडलेल्या असतात; जॉइनर पुसला की आई, बाबा, मूल सुटे सुटे होतात.

मग नुक्ता. र, नुक्ता यांच्या जागी ऱ. पायथन वापरणाऱ्यांनी युनिकोडडेटा मॉड्यूलमधले नॉर्मलाइझ एनएफसी रूपात (समान लेखनांचे एकच रूप करणारी युनिकोडची रीत) चालवले तरी हे आपोआप होते, कारण युनिकोड या दोन लेखनांना समान मानते. जॉइनरच्या लेखनाला मात्र ते समान मानत नाही. ‘एनएफसी केले, आता सगळे एक झाले’ हा गैरसमज फार पसरलेला आहे. एनएफसी नंतरही जॉइनरचे शब्द तसेच राहतात, म्हणून पहिली पायरी हाताने करावीच लागते.

शेवटी आधीच बिघडलेले शब्द. इथे यंत्रावर सोडून चालत नाही. ‘र्य’ दिसेल तिथे ‘ऱ्य’ करा असा सरसकट आदेश दिला तर कार्यालय, सूर्य, पर्यंत, मर्यादा, पर्यावरण, धैर्य हे सगळे शब्द बिघडतील. नाशिककरांसाठी याहून मोठा खड्डा ‘त्र्यंबकेश्वर’ मध्ये आहे. डोळ्याला तिथे रफार दिसत नाही, पण कोडांची ओळ पाहा: त, हलंत, र, हलंत, य. र, हलंत, य हा तुकडा आत लपलेला आहे! सरसकट बदलीत त्र्यंबकेश्वराच्या नावातच मोडका ऱ घुसतो. स्वातंत्र्य, दारिद्र्य यांचेही तेच. म्हणून शोधसूत्र लिहिताना पहिली अट अशी ठेवा की र च्या लगेच मागे हलंत नसावा.

त्यानंतर खात्रीच्या ठशांनी पुढे जा. ‘णार्या’ हा तुकडा सर्वांत उपयोगी: येणाऱ्या, जाणाऱ्या, करणाऱ्या, विकणाऱ्या असे असंख्य शब्द एका बदलीत सुधारतात आणि नुकसान होत नाही. मग शेतकर्या, गावकर्या, वारकर्या, कष्टकर्या, कर्मचार्या, अधिकार्या, व्यापार्या, दुसर्या, तिसर्या, बर्याच, पायर्या ही मुळे घ्या. ह च्या बाजूला तर्हा, वर्हाड, कुर्हाड, गुर्हाळ, बिर्हाड, कर्हाड. ‘र्ह’ सरसकट बदलू नका, कारण ‘अर्हता’ आणि ‘गर्हणीय’ मध्ये खरा रफार आहे. ‘चार्या’ आणि ‘कार्या’ हे तुकडे सुटे घेऊ नका: पहिल्यात आचार्यांचा आचारी होतो, दुसऱ्याने कार्यालयच मोडते. ‘वार्या’ फक्त पूर्ण शब्द असेल तरच बदला, नाही तर ‘अनिवार्य’चे रूप सापडते.

उरलेले संशयित शब्द वेगळ्या यादीत काढून माणसाने वाक्यात वाचावेत. सहकार्याने, आचार्यांना, दर्या, भार्या (‘भार्या’ म्हणजे पत्नी, ‘भाऱ्या’ म्हणजे गवताच्या किंवा लाकडांच्या मोळ्या) हे चार तरी नजरेखालून घालावेच लागतात.

सफाई चाललीच आहे तर ॲ चेही काम उरकून घ्या. ‘ॲग्रो एजन्सी’ हा फलक पंचवटीपासून पिंपळगाव बसवंतपर्यंत दिसतो आणि त्यातला ॲ ही तीन प्रकारे साठवलेला असतो. ०९७२ हा स्वतंत्र ॲ युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ साली आला. त्याआधीच्या मजकुरात अ च्या पुढे सुटी अर्धचंद्राची मात्रा असते, किंवा ए वर चंद्र असलेला हिंदी पद्धतीचा ०९०डी. या तिघांना युनिकोड समान मानत नाही, एनएफसी इथे काहीच करत नाही. दोन्ही जुन्या लेखनांची ०९७२ ने सरसकट बदली मराठीत सुरक्षित आहे.

टेबले, संदेश आणि फाइली

शोध चालवायचा असेल तर टेबलात दोन रकाने ठेवा. एकात आलेला मजकूर जसाच्या तसा, दुसऱ्यात वरची सफाई केलेले रूप. वापरणारा जे टाइप करेल त्याचीही तीच सफाई करून दुसऱ्या रकान्यात शोधा. लोकांनी कोणता कीबोर्ड वापरला यावर निकाल अवलंबून राहत नाही.

कोलेशन, म्हणजे टेबलात शब्दांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम, निवडताना जपून. युनिकोडच्या तुलनेच्या नियमांत जॉइनर दुर्लक्षिला जातो. म्हणजे त्या नियमांवर चालणाऱ्या कोलेशनमध्ये जॉइनरने लिहिलेला ‘दऱ्या’ आणि रफाराचा ‘दर्या’ एकच ठरतात, आणि एकमेव नावांची अट असलेला रकाना दुसरे नाव घेतच नाही. दोन्ही वेगळे हवे असतील तर त्या रकान्याला बायनरी कोलेशन द्या. मायएसक्यूएलमध्ये जुना तीन बाइटांचा यूटीएफ-८ देवनागरीला पुरतो, पण पहिली इमोजी आली की अडतो. नवे टेबल यूटीएफ-८-एमबी-४ मध्येच करावे.

रकान्याची लांबी बाइटांत मोजली जात असेल तर प्रत्येक देवनागरी कोडाला ३ बाइट धरा. ५० बाइटांच्या जागेत १६ कोड मावतात, आणि ‘त्र्यंबकेश्वर’ एकटाच १३ कोडांचा आहे. वेबपत्त्यात तर एका बाइटची तीन चिन्हे होतात; ‘शेतकऱ्यांना’ या एका शब्दाला तिथे ९९ चिन्हे लागतात.

एसएमएसमध्ये देवनागरी मजकूर आला की संदेशाची मर्यादा १६० वरून ७० वर येते, आणि लांब संदेशाच्या प्रत्येक तुकड्यात ६७ मावतात. जॉइनरही यातली एक जागा खातो. दहा आडवे र असलेल्या नोटिशीत दहा जागा नुसत्या न दिसणाऱ्या चिन्हांवर जातात आणि संदेश पुढच्या तुकड्यात, म्हणजे पुढच्या शुल्कात ढकलला जाऊ शकतो.

वर्णक्रमाचा एक काटा इथेच सांगायला हवा. कोडांच्या ओळीत ळ हा ०९३३ वर, ल आणि व यांच्या मध्ये बसतो. मराठी वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. नुसत्या कोडांवर यादी लावली तर ‘कळवण’ हे ‘कसबे सुकेणे’च्या आधी येईल, मराठी वर्णक्रमाने ते नंतर यायला हवे. आयसीयू या युनिकोडच्या प्रोग्रॅम-संचातले मराठी कोलेशन हा क्रम बरोबर लावते.

सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दोन टिचक्या मारून उघडली आणि मराठीऐवजी विचित्र रोमन अक्षरांची माळ दिसली तर घाबरू नका, मजकूर शाबूत आहे. एक्सेलने चुकीचा संकेत धरला आहे एवढेच. फाइल सेव्ह न करता बंद करा, डेटा टॅबमधून मजकूर आयात करा आणि संकेत म्हणून ६५००१, म्हणजे यूटीएफ-८ निवडा. प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर मात्र कुणीतरी फाइल जुन्या एएनएसआय संकेतात सेव्ह केली आहे. अक्षरे गेली, मूळ प्रत शोधण्याशिवाय इलाज नाही.

फाँट आणि छपाई

कोड बरोबर असूनही छपाईत र बिघडू शकतो. रफार आणि आडवा र यांत जुळवणी करणाऱ्या इंजिनाचे काम वेगळे असते. रफार पुढच्या व्यंजनाच्या डोक्यावर उचलून ठेवावा लागतो. आडवा र जागेवरच राहतो आणि फाँटमधले त्याचे अर्धे चित्र तिथे बसते. फाँटमध्ये हे चित्र नसेल तर टिंबाचा पूर्ण ऱ, त्याखाली उघडा हलंत आणि पुढे सुटा य असे दिसते. असे दिसले की कोडाला हात लावू नका, फाँट बदला. विंडोजमधले निर्मला यूआय आणि मंगल, तसेच नोटो सान्स देवनागरी व मुक्ता हे फाँट हा आकार नीट देतात.

फाँट विकत घेण्याआधी किंवा डिझाइनला लावण्याआधी ही ओळ त्यात लिहून पाहा: दऱ्या दर्या, तऱ्हा अर्हता, त्र्यंबकेश्वर, ब्रह्मगिरी, सप्तशृंगी, कळवण, ॲग्रो. पहिल्या दोन जोड्यांत फरक ठळक दिसला पाहिजे. ब्रह्मगिरीत ह आधी आणि म नंतर दिसला पाहिजे. लहान आकारातही बघा. ८ पॉइंटच्या पावतीवर काही फाँटांचा आडवा र य च्या दांडीत विरून जातो.

ल आणि श यांची मराठी वळणे हा वेगळा विषय आहे, पण त्यांची गल्लत इथेच होते. मराठी ल आणि हिंदी ल यांचा कोड एकच आहे, ०९३२. श चेही तसेच, ०९३६. फरक फक्त चित्राचा. मजकुराची भाषा मराठी असे प्रोग्रॅमला सांगितले की दोन्ही वळणे असलेला फाँट मराठी वळण देतो. वर्डमध्ये प्रूफिंगची भाषा मराठी करा, वेबपानावर भाषेचा संकेत एमआर द्या. वळण मिळावे म्हणून कोड बदलणे किंवा भलतेच अक्षर बसवणे ही चूक आहे.

इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला नाही तर जोडाक्षरे सुटी पडतात आणि वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. फोटोशॉपमध्येही टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी पर्याय पाहा. द्राक्षाच्या पेट्यांवर स्टिकर छापणाऱ्या साध्या थर्मल प्रिंटरांना देवनागरीची जुळवणी येतेच असे नाही. त्यांना मजकूर न पाठवता संगणकावर जुळवलेले चित्र पाठवणे खात्रीचे.

२०२७ च्या सिंहस्थासाठी घाटाच्या पायऱ्यांपासून महामार्गापर्यंत ‘येणाऱ्या भाविकांसाठी’ असे फलक मोठ्या संख्येने लागतील. फ्लेक्सवर गेलेले अक्षर परत आणता येत नाही, म्हणून फाइल छपाईला देण्याआधी दोन गोष्टी करा. मजकूर आउटलाइनमध्ये बदलण्याआधीची प्रत जपून ठेवा, कारण आउटलाइन झाल्यावर कोड उरत नाहीत, नुसत्या रेषा उरतात. आणि अंतिम पीडीएफ शंभर टक्के आकारात उघडून प्रत्येक ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ डोळ्यांनी पाहा. पीडीएफमधून मजकूर कॉपी करून तपासण्यावर विसंबू नका. पानावर अक्षर बरोबर असले तरी कॉपी करताना देवनागरीचा क्रम बदलू शकतो, आणि उलटही होते.